वेश, भूमिका आणि न ऐकू येणारा आवाज : मॅनेच्या एका चित्राविषयी

१८७७ सालच्या पॅरिसच्या 'सालोन' प्रदर्शनासाठी एदुआर मॅने या चित्रकाराने दोन चित्रे पाठवली होती. एक होते आरशासमोर प्रसाधन करणाऱ्या, अर्धवट कपड्यांतल्या तरुणीचे, 'नाना' या नावाचे. दुसरे होते झां-बाप्तिस्त फोर या ऑपेरा-गायकाचे, हॅम्लेटच्या वेशातले. परीक्षकांनी 'नाना' नाकारले आणि फोरचे चित्र स्वीकारले. आज कलेतिहासात 'नाना'वर विपुल लिहिले जाते, तर हॅम्लेटच्या वेशातला फोर बहुधा एखाद्या तळटीपेत उरतो. असे असले, तरी रंगभूमीचा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी या दुसऱ्या चित्रात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. नट भूमिकेच्या वेशात उभा राहतो आणि चित्रकार त्याचे चित्र काढतो, तेव्हा ते चित्र नेमके कोणाचे असते? नटाचे, भूमिकेचे की प्रयोगाचे? आणि तो नट मुळात गायक असेल, ज्याचे सारे मोठेपण त्याच्या आवाजात असेल, तर मुक्या कॅनव्हासवर त्याचे काय उरते?

प्रथम चित्राकडे पाहू. एसन येथील फोल्कवांग संग्रहालयात असलेले हे चित्र सुमारे दोन मीटर उंच आहे, म्हणजे आकृती जवळजवळ प्रत्यक्ष माणसाएवढी आहे. काळ्या पोशाखातला, दाढी राखलेला, भरल्या अंगाचा पुरुष पाय फाकवून उभा आहे. त्याच्या हातात उपसलेली तलवार आहे आणि एका हातावर काळा झगा घेतलेला आहे. पित्याच्या पिशाच्चाची भेट होते, त्या प्रसंगाशी ही मुद्रा जोडली जाते. परंतु चित्रात पिशाच्च नाही. एल्सिनोरचा किल्ला नाही, तटबंदी नाही, चंद्रप्रकाश नाही. रंगमंचाचा पडदा नाही, पायाशी दिव्यांची ओळ नाही. मागे आहे ती केवळ एक करडी पोकळी, जिच्यात जमीन कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते हेही नीट कळत नाही. याच आकृतीचे जवळजवळ तेवढ्याच आकाराचे, अधिक मोकळ्या हाताने रंगवलेले दुसरे चित्र हाम्बुर्गच्या कुन्स्टहालेमध्ये आहे. नियतीचा विनोद असा की सालोनने नाकारलेली 'नाना'ही आज त्याच हाम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. परीक्षकांनी ज्यांची ताटातूट केली, त्या दोघांना इतिहासाने अशा रीतीने एका छपराखाली आणले आहे.

फोर (१८३०–१९१४) हा त्या काळातील फ्रेंच गायकांमधला अग्रगण्य बॅरिटोन होता. टेनर या उंच आणि बास या खर्जाच्या आवाजाच्या मधला हा पुरुषी आवाज. १८५२ मध्ये ऑपेरा-कॉमिकच्या रंगमंचावर त्याचे पदार्पण झाले आणि १८६१ मध्ये तो पॅरिस ऑपेरात दाखल झाला. त्या संस्थेतील त्याच्या भूमिकांची यादी म्हणजे त्या दीडेक दशकाचा संगीतेतिहासच आहे. १८६५ मध्ये मायरबेअरच्या 'लाफ्रिकेन'मधला नेलुस्को, १८६७ मध्ये व्हेर्दीच्या 'दों कार्लोस'मधला पोझा आणि ९ मार्च १८६८ रोजी आंब्रुआज तोमाच्या 'हॅम्लेट'मधला नायक, या तिन्ही भूमिका रंगमंचावर प्रथम आणल्या त्या फोरने. पुढे, १८८६ मध्ये, त्याने आवाज आणि गायन यांविषयी ग्रंथही लिहिला. म्हणजे हा केवळ देणगी लाभलेला गळा नव्हता, आपल्या कलेचा विचार करणारा तो कलावंत होता.

तोमाच्या हॅम्लेटविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. ऑपेरातील तरुण नायक टेनर असावा हा तेव्हाचा संकेत होता आणि तोमानेही ही भूमिका प्रथम टेनरसाठीच लिहिली होती. योग्य टेनर मिळेना, तेव्हा त्याने ती फोरसाठी बॅरिटोन आवाजात नव्याने बेतली. म्हणजे स्वररचनेच्या पातळीवरच हा हॅम्लेट फोरच्या मापाने शिवलेला होता. शिंपी अंगरखा बेततो, तसा संगीतकाराने राजपुत्र बेतला. त्यामुळे पॅरिसच्या रसिकांना 'हॅम्लेट' म्हटले की फोर आठवावा, यात नवल नव्हते. ऑफेलिया होती क्रिस्टीना निल्सन ही स्वीडिश गायिका. चौथ्या अंकातील तिच्या वेडाच्या प्रवेशाने फोरच्या बरोबरीनेच लोकप्रियता मिळवली.

हा हॅम्लेट शेक्सपिअरचा होता का? मिशेल कारे आणि ज्यूल बार्बिए या संहिताकारांचा आधार होता तो अलेक्झांदर द्युमा आणि पॉल म्युरिस यांनी केलेले फ्रेंच रूपांतर. त्या रूपांतरात हॅम्लेट शेवटी मरत नाही. पॅरिसच्या ऑपेरातही पिशाच्च अखेरीस पुन्हा प्रकटते, हॅम्लेट क्लॉडियसला ठार करतो आणि स्वतः राजा होतो. लंडनच्या प्रेक्षकांना हे रुचणार नाही म्हणून तेथील प्रयोगासाठी नायकाच्या मृत्यूचा निराळा शेवट करावा लागला. मराठी वाचकाने यावर हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही १८८३ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून हॅम्लेट आला तो चंद्रसेन होऊन, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्याला असे रूप दिले की पुढे कित्येक वर्षे मराठी प्रेक्षकाच्या मनात चंद्रसेन म्हणजे गणपतराव हेच समीकरण राहिले. प्रत्येक भाषा आणि प्रत्येक रंगभूमी हॅम्लेटला आपले कपडे घालते. पॅरिसने त्याला गाता गळा दिला आणि जिवंत ठेवले.

आता या चित्रामागील दुसऱ्या नात्याकडे वळू. फोर हा मॅनेपुढे चित्रासाठी उभा राहिलेला केवळ एक प्रसिद्ध माणूस नव्हता, तर तो मॅनेच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्राहक होता. आरंभी तो दलाक्रुआ, कोरो आणि बार्बिझों परंपरेतील चित्रकारांची चित्रे जमवीत असे. १८७३ मध्ये त्याने त्या संग्रहाचा लिलाव केला आणि नव्या, अजून हेटाळल्या जाणाऱ्या चित्रकारांकडे तो वळला. मॅनेची साठांहून अधिक चित्रे केव्हा ना केव्हा त्याच्या मालकीची होती. त्यांत 'बासरीवाला पोऱ्या' होता, 'रेल्वे' होते, 'ऑपेरातील मुखवट्यांचा नाच' होते. गवतावर बसून चाललेल्या भोजनाचे ते प्रसिद्ध चित्र, ज्याने १८६३ मध्ये पॅरिसमध्ये गहजब उडवला होता, फोरने १८७८ मध्ये २,६०० फ्रँकला घेतले आणि वीस वर्षांनी व्यापारी द्युराँ-रुएलला २०,००० फ्रँकला विकले. सिस्ले या चित्रकाराला तो १८७४ मध्ये आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेला आणि त्या मुक्कामातून टेम्सकाठची, हॅम्प्टन कोर्ट परिसरातील सुंदर निसर्गचित्रे जन्मली. देगाकडून मात्र सांगितलेली चित्रे वेळेत मिळेनात, तेव्हा त्याने १८८७ मध्ये देगावर दावा लावला. रसिकता आणि व्यवहार या दोन्ही गोष्टी या माणसात एकत्र नांदत होत्या.

'ऑपेरातील मुखवट्यांचा नाच' या चित्राचा उल्लेख येथे अधिक महत्त्वाचा आहे. मॅनेने ते १८७३ मध्ये रंगवले. स्थळ आहे ल पेलतिए रस्त्यावरचे ऑपेरागृह, जेथे फोरने हॅम्लेट प्रथम गायिला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते ऑपेरागृह आगीत भस्मसात झाले आणि १८७५ च्या जानेवारीत गार्निएच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले. मॅनेने त्या चित्रात रंगमंच दाखवलाच नाही. दाखवला तो बाहेरचा सज्जा, उंच काळ्या टोप्यांतले गृहस्थ आणि त्यांच्याशी लगट करणाऱ्या मुखवटेधारी स्त्रिया. ऑपेराकडे पाहण्याची मॅनेची नजर अशी होती. गाणे चालू असताना आणि गाण्याच्या अवतीभवती माणसे काय करतात, कशी दिसतात, हे तिला कळत असे. गाण्याचे भाषांतर रंगांत करण्याचा भाबडा हव्यास तिला नव्हता. मॅनेची पत्नी सुझान स्वतः पियानोवादक होती, त्यामुळे संगीत त्याला परके होते असे कोणी म्हणू शकणार नाही.

या पार्श्वभूमीवर पहिला प्रश्न पुन्हा विचारू. हे चित्र १८६८ च्या 'हॅम्लेट'च्या प्रयोगाचा पुरावा म्हणून वापरता येईल काय? नाट्येतिहासाच्या ग्रंथांत अशी चित्रे सर्रास छापली जातात आणि खाली लिहिलेले असते : अमुक नट, अमुक भूमिकेत. वाचक समजतो की प्रयोग असा दिसत असे. पण कालक्रम तपासला तर अडचण दिसते. पहिल्या प्रयोगाच्या वेळी फोर अडतीस वर्षांचा होता, तर चित्रात तो सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. ज्या रंगमंचावर ती भूमिका जन्मली तो जळून गेला आहे. १८७६ मध्ये फोरने पॅरिस ऑपेराही सोडला. म्हणजे चित्रात दिसतो तो मॅनेच्या कार्यशाळेत, दिवसाच्या उजेडात, गाजलेल्या भूमिकेचा पोशाख पुन्हा अंगावर चढवून उभा राहिलेला प्रौढ गायक. समोर वाद्यवृंद नाही, प्रेक्षक नाहीत. तलवार उपसली आहे, पण ज्याच्यावर उपसावी असे समोर कोणी नाही.

मॅनेने हे लपवले नाही, हाच या चित्राचा गाभा आहे, असे मला वाटते. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने कार्यशाळेतल्या त्या उभ्या माणसामागे किल्ला रंगवला असता, धुके रंगवले असते, डोळ्यांत भय ओतले असते आणि आपल्याला हॅम्लेट 'दाखवला' असता. मॅनेने मागची जागा रिकामी ठेवली. या रिकामेपणाला एक वंशावळ आहे. १८६५ मध्ये तो माद्रिदला गेला, तेव्हा प्रादो संग्रहालयात वेलास्केथने रंगवलेले पाब्लो दे व्हायादोलिद या राजदरबारी नटाचे चित्र त्याने पाहिले. त्या चित्रात नटाभोवती काही नाही, केवळ हवा आहे, याने तो भारावून गेला होता. परतल्यावर १८६६ मध्ये त्याने 'बासरीवाला पोऱ्या' रंगवला, ज्यात मुलामागची पार्श्वभूमी अशीच सपाट आणि रिकामी आहे. त्याच सुमारास त्याने 'शोकनट' हे चित्रही केले. ते होते फिलिबेर रुव्हिएर या नटाचे, आणि तोही हॅम्लेटच्याच वेशात. हा रुव्हिएर द्युमा-म्युरिसच्या त्याच रूपांतरातला हॅम्लेट होता, ज्याच्यावरून पुढे ऑपेराची संहिता बेतली गेली. चित्र पुरे होण्यापूर्वीच, १८६५ च्या ऑक्टोबरात, रुव्हिएरचा मृत्यू झाला आणि हात-पाय पुरे करण्यासाठी मॅनेने दुसऱ्यांना उभे केले. अकरा वर्षांच्या अंतराने काळ्या पोशाखातले दोन हॅम्लेट, एक बोलणारा आणि एक गाणारा, मॅनेच्या हातून उतरले. पहिला १८६६ च्या सालोनने नाकारला होता. दुसरा स्वीकारला गेला.

वेश आणि माणूस यांतील फट हा मॅनेच्या आवडीचा विषय होता. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरीन मरां या आपल्या मॉडेलला बैलझुंजीतल्या योद्ध्याचा पोशाख घालून रंगवले. मागे बैलझुंज चालू आहे, पण ती बाई पाहते आहे ती थेट आपल्याकडे, आणि तिच्या पायांतली पादत्राणे रिंगणात पळण्याच्या उपयोगाची नाहीत. ती योद्धा नाही, योद्ध्याचे कपडे घातलेली पॅरिसची मुलगी आहे, हे चित्रच आपल्याला सांगते. फोरच्या चित्रानंतर तीन वर्षांनी, १८८० मध्ये, मॅनेने एमिली आंब्र या गायिकेला कार्मेनच्या वेशात रंगवले. तेथेही हीच नजर दिसते. वेश माणसाला गिळत नाही. तो अंगावर वेश म्हणूनच राहतो.

समकालीनांना हे पचले नाही. फोरच्या चित्राची थट्टा झाली. एका व्यंगचित्राचा आशय असा होता की हॅम्लेटला खरोखर वेड लागले आहे, म्हणूनच तो मॅनेकडून आपले चित्र काढून घेतो आहे. विनोद बरा आहे, पण त्यामागची अपेक्षा पाहण्यासारखी आहे. प्रेक्षकाला हवा होता डेन्मार्कचा राजपुत्र आणि त्याला मिळाला पोशाखातला फोर. ज्या रसिकाने ऑपेरागृहात डोळे पाणावेपर्यंत हॅम्लेट 'पाहिला' होता, त्याला त्या काळ्या कपड्यांच्या आत एक भरल्या शरीराचा, यशस्वी, व्यवहारी गृहस्थ आहे, हे चित्र आठवण करून देत होते. रंगमंचावर हे विसरायला लावतो तो आवाज. चित्रात आवाज नसतो.

याच प्रश्नाला दिलेले अगदी निराळे उत्तर पाहायचे असेल तर पंचवीस वर्षे पुढे, जर्मनीत जावे लागेल. १९०२ मध्ये माक्स स्लेफोग्ट याने फ्रान्सिस्को द आंद्रादे या पोर्तुगीज बॅरिटोनचे मोत्सार्टच्या डॉन जिओव्हानीच्या वेशातले चित्र रंगवले. स्टुटगार्टच्या श्टाट्सगॅलरीत असलेले ते चित्र शॅम्पेनच्या गाण्याचे म्हणून ओळखले जाते. शुभ्र, झगमगता पोशाख, आवेगाने पसरलेला हात, अंगाचा झोक, असे सारे काही गाण्याच्या लयीत. स्लेफोग्टने आवाजाला हालचालीचा पर्याय शोधला. त्याच्या चित्रासमोर उभे राहिले की कानात काहीतरी वाजते. मॅनेच्या चित्रासमोर वाजत नाही. एकाने गाणे रंगवले, दुसऱ्याने गाणाऱ्याला. या दोहोंत श्रेष्ठ कोण हे ठरवण्याची गरज नाही. पण इतिहासकाराला जास्त सावध करणारे चित्र कोणते, असे विचारले तर ते मॅनेचे आहे.

आणखी एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. फोरचे चित्र सालोनमध्ये लागले त्याच १८७७ साली एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र साधले. त्याचा गायकांना प्रत्यक्ष उपयोग होईपर्यंत बरीच वर्षे जायची होती आणि फोरच्या ऐन उमेदीतला हॅम्लेट त्याच्या आवाक्याबाहेरच राहिला. हे आपल्याला परके नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने किर्लोस्कर मंडळीच्या प्रेक्षकांवर गारूड केले होते. त्यांचा मृत्यू १९०१ च्या फेब्रुवारीत झाला आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनची पहिली ध्वनिमुद्रणे झाली ती १९०२ च्या अखेरीस. अवघ्या पावणेदोन वर्षांच्या अंतराने तो आवाज कायमचा निसटला. उलट बालगंधर्वांचे छायाचित्र आपण पाहतो, तेव्हा त्यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्या कानात असतात. शालू-शेल्यातली ती प्रतिमा आपल्या नकळत गाऊ लागते आणि आपण समजतो की छायाचित्रच बोलके आहे. बोलका असतो तो आपला कान. भाऊरावांच्या बाबतीत कान रिकामा आहे, म्हणून आपण आठवणी, आख्यायिका आणि विशेषणे यांनी ती जागा भरून काढतो. वर्गात 'भावड्या'च्या पहाडी आवाजाविषयी बोलताना आपण नेमके कशाच्या आधारावर बोलत असतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

अशा चित्रांकडून म्हणूनच वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. फोर कसा गात असे, याचे उत्तर हे चित्र देणार नाही. ते तोमाच्या स्वरलिपीत आहे, त्याच्या मापाने खाली उतरवलेल्या पट्टीत आहे, त्याच्या स्वतःच्या ग्रंथात आहे. पण एका गायकाला आपल्या कोणत्या भूमिकेत चिरंजीव व्हावेसे वाटले, याचे उत्तर या चित्रात आहे. रंगमंचावरून उतरणीला लागलेल्या वयात त्याने कोणता पोशाख पुन्हा बाहेर काढला, तो कोणत्या चित्रकारासमोर उभा राहिला, त्या चित्रकाराला सालोनमध्ये प्रवेश मिळवून देण्यास त्याची कीर्ती कितपत उपयोगी पडली असेल, हे प्रश्न चित्र आपल्यापुढे ठेवते. मॅनेची दोन्ही चित्रे १८७६ च्या सालोनने परत पाठवली होती आणि त्याला आपली कार्यशाळाच लोकांना खुली करावी लागली होती, हे ध्यानात घेतले तर पुढच्याच वर्षी ऑपेराचा राजपुत्र हाताशी धरून तो पुन्हा त्या दारात जातो, याचा अर्थ उलगडू लागतो. भूमिका फोरची होती, निकड मॅनेची होती.

या दोघांच्या नात्याचा शेवटचा दुवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १८८२–८३ मध्ये, म्हणजे आपल्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, मॅनेने फोरला पुन्हा एकदा रंगवायला घेतले. या वेळी तलवार नाही, झगा नाही, हॅम्लेट नाही. आहे तो केवळ एका वय झालेल्या माणसाचा चेहरा. एप्रिल १८८३ मध्ये मॅने वारला. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येते : १८७७ च्या चित्रातही मॅने याच माणसाकडे पाहत होता. तेव्हा मध्ये पोशाख होता, इतकेच.